बंदरगावाचा पाठ
(परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी व चौथी)



परिसर अभ्यासाचे पाठ्यपुस्तक साऱ्या राज्याचा विचार करून लिहिलेले असते. त्यात प्रत्येक गावचे बंदर, बाजार व देवळासमोरची जत्रा कोठून येणार? ती उणीव भरून काढण्याचे काम शिक्षकाचे आहे. याच हेतूने पुढील पाठमालिका सुचविली आहे. उदाहरणासाठी वेंगुर्ले हे समुद्रकाठचे गाव घेतले आहे. आपली शाळा मालवण, देवगड अथवा आचरे या बाजूस असल्यास उदाहरणे बदलावीत; पद्धती तीच ठेवावी.

आपल्या गावाचा गौरव करावा असे सर्वांनाच वाटते. वार्षिक स्नेहसंमेलनात आपण तो करतोही. मुले कोळ्यांचा वेष घालून नाचतात, पालक टाळ्या वाजवितात आणि कार्यक्रम संपतो. परंतु जाळे कसे टाकतात, त्याचा वाटा कसा ठरतो, काजूची बी फोडणाऱ्या बाईचे हात काळे का पडतात, हे त्या नाचणाऱ्या मुलांस विचारले तर काय उत्तर मिळेल? ज्ञानावाचून केलेला गौरव वरवरचा असतो. गावातील कला व धंदे यांचा खरा सन्मान करावयाचा तर त्यांचा अभ्यास केला पाहिजे, आणि तो करताना ज्या मुलांच्या घरी ते ज्ञान आहे त्यांना वर्गात बोलू दिले पाहिजे. या लेखाचा मुख्य मुद्दा एवढाच आहे.

एक अनुभव

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी समुद्राजवळच्या एका शाळेत नवीन शिक्षक होतो. चौथीच्या वर्गात रापणकाराचा एक मुलगा होता. रापण लागली की तो शाळेत येत नसे. आला तरी मागे बसे. अपूर्णांकांचे साधे उदाहरण त्याला फळ्यावर सुटत नसे. मी त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘अनियमित व मंद’ असा शेरा लिहिला होता.

एके दिवशी वर्गाला घेऊन किनाऱ्यावर गेलो. समोर पडलेल्या लहान माशांकडे बोट दाखवून मी त्यांना बांगडे म्हटले. तो मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, तो बांगडो न्हय, पेडवो तो.” मुले हसली, मीही हसलो. मग वाटणी सुरू झाली. दोरीला त्या दिवशी अठ्ठावीस मोठी माणसे व सहा मुले होती. किती वाटे पडतील, असे मी सहज विचारले. वर्गातील हुशार मुलांनी ‘चौतीस’ असे उत्तर दिले. हा मुलगा म्हणाला, “एकतीस.” कसे, असे विचारताच त्याने उत्तर दिले, “पोरांचो अर्धो वाटो, गुरुजी. दोन पोरां म्हणजे एक माणूस.”

जो अर्धा त्याला फळ्यावर कळत नाही असे मी समजत होतो, तो त्याच्या नित्याच्या व्यवहारातला होता. उणीव त्याच्या बुद्धीत नव्हती; माझ्या अध्यापनात होती. त्या दिवसापासून मी माझी रीत बदलली. पण तोवर मार्च महिना उलटून गेला होता. पुढच्या जूनमध्ये तो मुलगा पाचवीत आला नाही. मी घरी गेलो तेव्हा तो होडीवर गेला होता. ‘मंद’ हा शब्द त्याच्या वडिलांनी कोणाकडून तरी वाचून घेतला होता. ते मला रागाने काही बोलले नाहीत. ‘त्याका शाळेत जमना नाय, गुरुजी, तुम्हीच लिवलात’ एवढेच म्हणाले.

तो शेरा मला पुसता आला नाही. निदान तसा शेरा पुन्हा कोणा मुलाच्या पत्रकावर पडू नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

पूर्वतयारी

प्रत्येक भेटीपूर्वी शिक्षकाने एकट्याने त्या ठिकाणी जाऊन यावे. कोणत्या वेळी काम चालू असते, मुलांना कोठे उभे करता येईल, माहिती कोण सांगेल, हे आधी ठरवावे. मुख्याध्यापकांची परवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी. किनाऱ्यावर जाताना भरती-ओहोटीची वेळ जाणत्या माणसाला विचारावी. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. कोणाही मुलाला पाण्यात उतरू देऊ नये. माहिती सांगणाऱ्या माणसास ‘काका’, ‘आजी’ अशा घरगुती संबोधनाने हाक मारण्यास मुलांना सांगावे, आणि त्याच्या कामाचा खोळंबा होणार नाही याची काळजी घ्यावी. मुलांनी प्रत्येकी तीन प्रश्न आधीच वहीत लिहून न्यावेत.

पहिला पाठ : रापण

रापण ही किनाऱ्यावरून करावयाची सामुदायिक मासेमारी आहे. होडीतून लांब जाळे नेऊन समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकतात. जाळ्याची दोन्ही टोके दोरांनी किनाऱ्याशी जोडलेली असतात. मग दोन बाजूंना दोन तुकड्या उभ्या राहून दोर ओढू लागतात. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारे तरांडे व खालच्या कडेला वजने असल्यामुळे ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. दोन्ही तुकड्या ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकतात आणि शेवटी मासळी किनाऱ्याला लागते. पूर्वी जाळी सुताची असत व ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवीत. आता ती नायलॉनची असतात.

या एका दृश्यात किती विषय आले आहेत ते पाहावे. अर्धवर्तुळ ही भूमिती झाली. तरांडे व वजने यांतून तरंगणे व बुडणे हा विज्ञानाचा पाठ होतो. दोन्ही तुकड्यांनी सारख्याच वेगाने ओढले नाही तर काय होईल, हा प्रश्न विचारून सहकार्याचा अर्थ उपदेशावाचून समजाविता येतो.

गणितासाठी वाटणीचे उदाहरण घ्यावे. समजा, मासळीचे ९,००० रुपये आले. त्यांपैकी तिसरा हिस्सा जाळे व होडी यांचा धरला, तर तो ३,००० रुपये झाला. उरलेले ६,००० रुपये चाळीस वाट्यांत विभागल्यास प्रत्येक वाटा १५० रुपयांचा पडतो. वाटणीचे प्रमाण गावोगाव निराळे असते. ते आपल्या गावच्या रापणकारांना विचारून घ्यावे आणि तेच आकडे फळ्यावर मांडावेत. पुस्तकातील आंबे व पेरू यांच्या वाटणीपेक्षा ही वाटणी मुलांना अधिक खरी वाटते.

मासळी किनाऱ्याला लागल्यावर तिचा व्यवहार बहुधा स्त्रियांच्या हाती जातो. बाजारात बसणारी आजी किती मासे कितीला घेतले, किती विकले, किती उरले, याचा हिशेब कागदावाचून ठेवते. तिला एकदा वर्गात बोलवावे. तिने तोंडी सांगितलेला हिशेब मुलांनी वहीत मांडावा. अक्षर न लिहिता येणारी व्यक्तीही गणित जाणू शकते, हे त्या दिवशी मुलांच्या लक्षात येईल.

मोठ्या मुलांशी एक गोष्ट अवश्य बोलावी. यांत्रिक नौका व मोठी पर्ससीन जाळी आल्यापासून किनाऱ्यावरच्या रापणीला मासळी कमी लागते, अशी रापणकारांची तक्रार आहे. या प्रकारच्या मासेमारीवर महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले. कोणाचे बरोबर व कोणाचे चूक, हा निवाडा शिक्षकाने देऊ नये. वर्गात दोन्ही घरची मुले असू शकतात. ‘समुद्रातील मासळी संपू नये म्हणून काय करता येईल?’ एवढाच प्रश्न ठेवून दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात.

दुसरा पाठ : काजू

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर आले आणि येथील कातळ व जांभ्याच्या जमिनीत रुजले. आज ते आपल्याला परके वाटत नाही. कोणती गोष्ट ‘आपली’ कशी होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वेंगुर्ले येथे १९५७ साली फळ संशोधन केंद्र सुरू झाले. आता ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाच्या अंतर्गत आहे. येथून प्रसारित झालेल्या काजूच्या जातींना गावाचेच नाव आहे. ‘वेंगुर्ला-४’ ही जात १९८१ साली व ‘वेंगुर्ला-७’ ही १९९७ साली प्रसारित झाली. नीलम व हापूस यांच्या संकरातून तयार झालेला ‘रत्ना’ आंबाही याच केंद्राचा. देशातील दूरच्या शेतकऱ्यांच्या बागेत आपल्या गावाचे नाव गेले आहे, हे ऐकून मुलांस आनंद होतो. तो आनंद जरूर द्यावा, आणि लगेच कलमे कशी बांधतात ते दाखवावयास न्यावे.

काजूच्या कारखान्यात मुलांनी पुढील क्रम पाहावा व लिहावा : बी उन्हात वाळविणे, भाजणे अथवा वाफविणे, टरफल फोडणे, गर वाळवून त्यावरील साल काढणे, प्रतवारी करणे व डबे भरणे. प्रतवारीच्या आकड्यांत गणित दडलेले आहे. डब्यावर ‘३२०’ असा आकडा असल्यास एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, अधिकात अधिक ३२० अखंड गर बसतात असा त्याचा अर्थ. ‘२१०’ असल्यास गर मोठा. आकडा लहान तर गर मोठा कसा, हे मुलांनाच शोधू द्यावे. तसेच साधारणपणे चार किलो बियांपासून एक किलोच्या आसपास गर मिळतो. यावरून गराची किंमत बियांहून इतकी अधिक का, हे उदाहरण सोडवून घेता येईल.

टरफलातील तेल दाहक असते. ते लागले की कातडी भाजते व काळी पडते. बिया फोडण्याचे व सोलण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. वर्गातील एखाद्या मुलाची आई त्या कामावर असेल. तिचे हात पाहून त्याला लाज वाटत असेल. कारखान्यातून परत आल्यावर मुलांना एवढेच विचारावे, की हात भाजू नयेत म्हणून तेथे कोणती साधने होती व आणखी काय करता येईल. मुलांची उत्तरे अनेकदा मोठ्यांनी विचार करावा अशी असतात.

तिसरा पाठ : दशावतार

कार्तिकापासून आपल्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवळासमोर रात्रभर दशावतारी नाटक होते आणि पहाटे दहीकाला होऊन हंडी फुटते. मुलांनी हे नाटक पाहिलेले असतेच. ते कसे घडते, हे मात्र त्यांनी पाहिलेले नसते.

आरंभीच्या भागात गणपती व सरस्वती यांचे आगमन होते. वेद चोरणारा संकासुर येतो, लोकांना हसवितो व शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. मग मुख्य आख्यान सुरू होते. हार्मोनियम, मृदंग व झांज एवढीच साथ असते आणि रंगमंचावर बसावयास एखादे बाकडे. संवाद लिहिलेले नसतात. कोणते आख्यान लावावयाचे ते आधी ठरते आणि नट आपापले भाषण प्रसंग पाहून रचतो. तो आपले तोंड आपणच रंगवितो. यांतील कित्येक नट दिवसा शेती अथवा मजुरी करणारे असतात.

या नाटकाचा भाषेच्या शिक्षकाला मोठा उपयोग आहे. एकाच रंगमंचावर राजा व देव संस्कृतप्रचुर मराठी बोलतात आणि संकासुर मालवणीत बोलतो. प्रेक्षकांना दोन्ही भाषा समजतात, दोन्ही आवडतात. कोठे कोणती भाषा शोभते याचे एवढे स्पष्ट उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

वर्गात पुढील उपक्रम करावा. माहीत असलेली एक कथा निवडावी. मुलांचे गट पाडावेत व दहा मिनिटे विचार करू द्यावा. संवाद लिहू देऊ नयेत. प्रत्येक गटाने प्रसंग उभ्याउभ्या सादर करावा. पारंपरिक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुष करीत आले आहेत. शाळेत तसा निर्बंध ठेवण्याचे कारण नाही, मुलींनाही राजाची भूमिका द्यावी. पाठ म्हणताना अडखळणारी मुले येथे धीटपणे बोलतात, असा माझा अनुभव आहे. जमल्यास एखाद्या जुन्या नटाला बोलावून केवळ मुकुट कसा बांधतात एवढेच दाखविण्याची विनंती करावी.

चौथा पाठ : बंदर, मीठ व इतिहास

सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. १८१२ साली हे बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे मुंबई-गोवा मार्गावरील आगबोटी येथे थांबत व उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. आज त्या आगबोटी नाहीत. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून आगबोटीच्या प्रवासाची एक आठवण लिहून आणावी. अशा वीस आठवणी एकत्र शिवल्या तर शाळेच्या कपाटात गावच्या इतिहासाचे एक पुस्तक तयार होईल. त्या सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. म्हणून हे काम याच वर्षी करावे.

तालुक्यातील शिरोडे येथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. हा धडा शिकविताना ताटलीत समुद्राचे पाणी घेऊन ते उन्हात ठेवावे व रोज निरीक्षण करावे. तळाशी राहिलेले मीठ हातात घेतल्यावर, एवढ्याशा वस्तूवरील करासाठी माणसे तुरुंगात का गेली, हा प्रश्न मुले आपण होऊनच विचारतात.

शिरोड्याजवळ आरवलीस श्रीवेतोबाला भाविक मोठाल्या चामडी वहाणा अर्पण करतात. मुलांना वहाणा ठाऊक असतात. त्या करणारा कारागीर बहुधा ठाऊक नसतो. त्याच्याकडेही एक भेट ठरवावी व चामडे कापण्यापासून टाका घालण्यापर्यंतचे काम शांतपणे पाहावे.

बोलीविषयी सूचना

मुलाने ‘माका’, ‘खय’, ‘हयसर’ असे शब्द वापरल्यास त्याला मध्येच अडवू नये. आधी त्याचे सांगणे पूर्ण होऊ द्यावे. मग फळ्यावर दोन रकाने आखून एका बाजूस घरचा शब्द व दुसऱ्या बाजूस पुस्तकातील शब्द लिहावा : इसवण – सुरमई, पेडवे – तारली. प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे, ती शिकविण्यात कसूर करू नये. पण तिच्यासाठी घरचा शब्द खोडून टाकावा लागत नाही. वर्षअखेर या रकान्यांचा एक छोटा कोश तयार होतो.

टाळावयाच्या गोष्टी

१. कोणाही मुलाला त्याच्या जातीवरून वा बापाच्या धंद्यावरून वर्गात उभे करू नये. ‘कोणाला याविषयी माहिती आहे?’ असे सर्वांना विचारावे. ज्याला सांगावयाचे तो सांगेल.

२. रापणकाराच्या मुलाने रापणकारच व्हावे, असा या पाठाचा हेतू नाही. त्याने डॉक्टर व्हावे, शिक्षक व्हावे, अथवा आवडल्यास होडीवरही जावे. तो शाळा सोडून नाइलाजाने जाऊ नये, एवढे आपण पाहावे.

३. भेटीनंतर ठरावीक ‘निबंध’ लिहवून घेऊ नये. पाहिलेल्या पाच गोष्टी व न समजलेली एक गोष्ट, एवढे लिहून घेणे पुरे.

४. मासळी अथवा मजुरी यांच्या दिवसांत मूल गैरहजर राहिल्यास शेरा लिहिण्यापूर्वी घरी जाऊन यावे.

स्वाध्याय (मुलांसाठी)

१. आपल्या गावचा नकाशा काढून त्यात बंदर, बाजार, देऊळ, शाळा व आपले घर दाखवा.
२. बाजारातील पाच मासळींची घरची व पुस्तकातील नावे लिहा.
३. रापणीला २४ मोठी माणसे व ८ मुले आहेत. मुलांचा वाटा अर्धा. एकूण वाटे किती?
४. घरातील एका मोठ्या माणसास त्याच्या कामाविषयी तीन प्रश्न विचारा व उत्तरे लिहा.

समारोप

विख्यात साहित्यिक वि. स. खांडेकर हे १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. पुढे १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार ज्यांना लाभला, त्यांच्या उमेदीची अठरा वर्षे आपल्याच तालुक्यातील एका लहान गावात मुलांना शिकविण्यात गेली. खेड्यातील शाळेत शिकवितो म्हणून आपले क्षेत्र लहान, असे कोणाही शिक्षकाने मानू नये.

वरील चारही पाठ एकाच वर्षी घेणे शक्य नसेल तर एकच घ्यावा, पण तो पूर्ण घ्यावा. मुलांनी केलेल्या वह्या, नकाशे व शब्दकोश केंद्र संमेलनास आणावेत, म्हणजे इतर शाळांनाही त्यांचा उपयोग होईल. आणि प्रगतिपत्रकावर शेरा लिहिण्याची वेळ येईल तेव्हा, हे मूल शाळेबाहेर काय जाणते ते मी पाहिले आहे काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा, अशी माझी नम्र विनंती आहे.